रद्द कोणी केलं?

आमच्या मजल्यावरच्या काका-काकूंच्या घराची एक किल्ली कायम माझ्याकडे असते. २०१९ च्या डिसेंबरात ते दोघं न्यू जर्सीला मुलाकडे गेले. सुनेचं बाळंतपण फेब्रुवारीत होतं. जाताना काकूंनी तुळशीला पाणी घालायला सांगितलं आणि काकांनी एक निळं प्लास्टिकचं फोल्डर हातात दिलं. आत तिकिटांची झेरॉक्स, विम्याचा कागद, मुलाचा पत्ता. "असू दे तुझ्याकडे. तुझं आयुष्य तिकिटांत गेलंय, काही लागलं तर तुलाच विचारणार." परतीची तारीख १० एप्रिल २०२०. नेवार्कहून निघायचं, आखातात विमान बदलायचं आणि मुंबईत उतरायचं.

२२ मार्चचा रविवार, जनता कर्फ्यूचा. संध्याकाळी गॅलऱ्यांतून थाळ्या वाजून गेल्या होत्या. आठच्या सुमारास त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाजात सुटल्यासारखा भाव होता. "ताई, बाबांची तिकिटं मी आत्ताच ऑनलाइन कॅन्सल करून टाकली. भारतानं विमानं बंद केलीत ना, मग ठेवून काय उपयोग?"

मी अकरा वर्षं तिकीट बुकिंगच्या टेबलावर काढली आहेत. ते वाक्य ऐकून पोटात खड्डा पडला. त्या दिवशीपर्यंतचा सरकारी आदेश फक्त एका आठवड्याचा होता. १० एप्रिलचं विमान कंपनीच्या यंत्रणेत अजून जसंच्या तसं उभं होतं. म्हणजे कागदोपत्री काय झालं, तर विमान जाणार होतं आणि प्रवाशानं आपण होऊन यायचं नाही ठरवलं. भाड्याचा मोठा भाग रद्द करण्याच्या शुल्कात कापला गेला. चारच दिवसांनी, २६ मार्चला, बंदी १४ एप्रिलपर्यंत वाढली आणि कंपनीनं ते विमान स्वतःच रद्द केलं. ज्यांनी हात बांधून वाट पाहिली होती, त्यांचा पूर्ण पैशांवर हक्क शाबूत राहिला.

विमान रद्द होणं आणि तिकीट रद्द करणं या दोन गोष्टी आपण बोलताना एकच धरतो. तिकिटांच्या व्यवहारात त्यांच्यामध्ये भिंत आहे. महामारीच्या दोन वर्षांत लोकांचा जेवढा पैसा अडकला, बुडाला किंवा वर्षावर्षानं परत आला, त्यातल्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी हाच प्रश्न होता: रद्द कोणी केलं? सरकारनं, कंपनीनं की तुम्ही?

सरकारपासून सुरुवात करू, कारण मार्च २०२० मध्ये सगळ्यात आधी तेच हललं, आणि फार वेगानं हललं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महामारी म्हटलं. त्याच दिवशी भारतानं मोजके प्रकार सोडून सगळे व्हिसा १५ एप्रिलपर्यंत स्थगित केले आणि ओसीआय कार्डधारकांची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, बिनाव्हिसा येण्याची सोयही थांबवली. १८ मार्चपासून युरोपीय संघ, ब्रिटन आणि तुर्कस्तानातून येणाऱ्या प्रवाशांना विमानात घ्यायलाच मनाई झाली. त्यात भारतीय पासपोर्टवालेही आले. आखाती देशांतून येणाऱ्यांना चौदा दिवसांचं विलगीकरण सक्तीचं झालं. १९ तारखेला जाहीर झालं की २२ मार्चपासून एकही नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमान भारताकडे येणार नाही. २३ तारखेला देशांतर्गत विमानांचा आदेश निघाला: २४ मार्चला रात्री ११:५९ च्या आत प्रत्येक विमान आपल्या मुक्कामी उतरलेलं असलं पाहिजे. आणि २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. चौदा दिवसांत सगळं मिटलं.

या आदेशांची भाषा बारकाईनं वाचण्यासारखी आहे. २२ मार्चपासूनच्या बंदीच्या आदेशात वेळ होती ०००१ जीएमटी, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. आणि ती वेळ उतरण्याची नव्हती, परदेशातून उड्डाण करण्याची होती. त्या क्षणाआधी जे विमान तिथून उडालं, त्याला भारतात उतरायला वीस तासांपर्यंत मुभा होती. जे पाच मिनिटं उशिरा धावपट्टीवर आलं, त्याला नव्हती. "२२ तारखेपासून बंद" एवढंच बातम्यांत वाचलेल्या कितीतरी लोकांना वाटलं, की आपण २१ च्या रात्री निघालो म्हणजे सुटलो. पण कुठल्या देशातली २१ ची रात्र? न्यू जर्सीत शनिवारी रात्रीचे आठ वाजले, तेव्हाच मुदत संपली होती. महामारीत तारखेवर भागत नाही, तास पाहावा लागतो. तो तास कुठल्या घड्याळाचा आणि उड्डाणाचा की उतरण्याचा, हेही आधी पाहावं लागतं.

युरोपबद्दलच्या आदेशात आणखी एक वाक्य होतं: अंमलबजावणी विमान कंपनीनं करायची, आणि ती प्रवास जिथून सुरू होतो त्या पहिल्याच विमानतळावर. आपली समजूत अशी असते, की देशात घ्यायचं की नाही हे उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो. प्रत्यक्षात पहिली चाळणी चेक-इन काउंटरवरच लागते. ज्याला प्रवेश मिळणार नाही असा प्रवासी आणला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून काउंटरवरची मुलगी तुमचा पासपोर्ट घेऊन पडद्यावर काहीतरी वाचत बसते. बहुतेक कंपन्यांच्या पडद्यावर तेव्हा 'टायमॅटिक' नावाची नियमावली असते. हवाई कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयाटा, ती चालवते. कोणत्या नागरिकत्वाचा माणूस, कुठून कुठे, मध्ये कुठे थांबून, कोणत्या कागदांवर जाऊ शकतो, हे त्यात असतं. एरवी हे नियम सावकाश बदलतात. २०२० मध्ये ते सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असायचे. घरून निघताना बरोबर असलेला कागद काउंटरवर पोचेपर्यंत चुकीचा ठरलेला मी पाहिला आहे. समोरची मुलगी रडणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा सांगत होती, "मॅडम, माझ्या हातात नाही." ते खरंच होतं.

रोगाच्या भीतीनं वाटा बंद होणं आपल्या भागाला नवीन नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी मुंबई बंदरातून हज यात्रेकरूंची जहाजं थांबवली गेली. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा आखाती देशांसह काही देशांनी भारताशी विमानसेवा तोडली. पण ते सगळं थोड्या ठिकाणांपुरतं आणि थोड्या दिवसांपुरतं होतं. अख्ख्या जगाचं वेळापत्रक एकदम कोसळेल, हे तिकिटांचे नियम लिहिणाऱ्यांनी कधी गृहीतच धरलं नव्हतं. भारतात २०१९ मध्ये देशांतर्गत विमानांनी सुमारे १४.४ कोटी प्रवासी नेले. २०२० मध्ये हा आकडा ६.३ कोटींवर आला.

आता तिकीट म्हणजे काय ते पाहू. आपण ज्याला तिकीट म्हणतो, त्या खरं तर दोन वस्तू आहेत. एक पीएनआर, म्हणजे आरक्षणाची नोंद: अमुक नावानं, अमुक तारखेला, अमुक विमानात जागा धरली आहे. दुसरं ई-तिकीट, तेरा आकडी क्रमांकाचं, म्हणजे पैसे भरल्याचा आणि प्रवासाच्या हक्काचा दस्तऐवज. त्यात प्रत्येक टप्प्याचं एकेक कूपन असतं. वेळापत्रक बदललं की कंपनीची यंत्रणा पीएनआरमध्ये नवं विमान टाकते. पण ई-तिकीट त्या नव्या विमानाला जोडून घ्यावं लागतं, त्याला आम्ही 'रीइश्यू' म्हणतो. एरवी ही जोडणी सहज होते. महामारीत एकेक प्रवास तीन-चार वेळा पुढे ढकलला जात होता, कॉल सेंटरं ओस पडली होती, आणि पीएनआर पुढे जाऊन तिकीट मागेच राहिल्याची प्रकरणं ढिगानं झाली. मोबाइलवर नवी तारीख दिसते, जागा 'कन्फर्म' दिसते, आणि विमानतळावर कळतं की तिकीट जुन्याच तारखेचं आहे. म्हणून तारीख बदलली की नुसता 'कन्फर्म्ड' शब्द पाहून थांबू नये. तिकीट रीइश्यू झालं का, हे विचारून नव्या तारखेची ई-तिकिटाची प्रत मागून घ्यावी.

बदलाचेही दोन प्रकार आहेत. प्रवाशानं मागितलेला तो ऐच्छिक. त्याला भाड्याच्या अटी, शुल्क आणि भाड्यातला फरक हे सगळं लागतं. कंपनीनं केलेला तो अनैच्छिक. त्यात दुसऱ्या विमानात फुकट जागा किंवा पैसे परत, हे मागण्याचा प्रवाशाला अधिकार असतो. काकांच्या मुलानं न कळत अनैच्छिकाचं ऐच्छिक करून टाकलं. माझा अनुभव सांगते: विमान रद्द होणार असं दिसत असेल आणि आरोग्याचं किंवा कुटुंबाचं काही तातडीचं नसेल, तर आधी हात लावू नये. कंपनीचा मेसेज येऊ द्यावा, त्याचा स्क्रीनशॉट काढावा, मग पैसे मागावेत. पण याला एक मर्यादा आहे. निघायच्या दिवसापर्यंत विमान रद्द झालंच नाही आणि तुम्ही गेलाही नाहीत, तर 'नो-शो' लागतो. तेव्हा बहुतेक सगळं जातंच, आणि पुढची परतीची कूपनंही आपोआप रद्द होतात. वाट पाहायची ती निघण्याच्या काही तास आधीपर्यंत, घड्याळ समोर ठेवून.

दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं घेऊन स्वस्तात प्रवास जुळवणाऱ्यांचे हाल याहून वाईट झाले. पुणे ते दिल्ली एक तिकीट, दिल्ली ते फ्रँकफर्ट दुसरं. पहिलं विमान रद्द झालं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसते आला नाहीत. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असते, तर मुक्कामापर्यंत पोचवण्याची जबाबदारी एकाच ठिकाणी राहिली असती. विम्याचाही फारसा आधार मिळाला नाही. बहुतेक प्रवास विम्यांत साथीचे रोग वगळलेले होते, आणि जिथे नव्हते तिथे 'घटना आधीच माहीत होती' या कलमावर दावे अडकले.

पैशांचा लढा एप्रिलमध्ये सुरू झाला. आपल्याकडे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परताव्याबद्दलचा नियम आधीपासून होता. पैसे 'क्रेडिट शेल'मध्ये ठेवायचे की नाही, हा निर्णय प्रवाशाचा, कंपनीनं परस्पर तसं करायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. क्रेडिट शेल म्हणजे तुमचे पैसे कंपनीच्या खात्यावर तुमच्या नावानं पडून राहणार आणि पुढच्या तिकिटालाच वापरता येणार. लिहिलेलं असूनही टाळेबंदीत बहुतेक कंपन्यांनी न विचारता क्रेडिट शेलच दिलं. तिजोरीत येणारे पैसे थांबले होते, विमानांचे हप्ते आणि पगार थांबले नव्हते. त्यांची अडचण खरी होती. पण ती अडचण ज्यांचा पगार बंद झालाय अशा माणसांच्या पैशांवर भागवली जात होती, आणि तेही त्यांना न विचारता. मला तेव्हाही हे पटलं नाही आणि आजही पटत नाही.

१६ एप्रिलला नागरी हवाई वाहतूक मंत्रालयानं सूचना काढली: टाळेबंदीच्या काळात आरक्षण करून त्याच काळातल्या प्रवासाचे पैसे भरले असतील, तर शुल्क न कापता तीन आठवड्यांत परत द्या. वाचायला बरं वाटतं. पण २५ मार्चनंतर विमानं बंद असताना एप्रिलच्या पूर्वार्धातलं तिकीट घेणार कोण? ज्यांचे पैसे खरोखर अडकले होते, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत तिकिटं घेतली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीची, लग्नाची, मुलांना आजोळी न्यायची. ते सगळे या सूचनेच्या बाहेर राहिले. शिवाय कंपन्या १४ एप्रिलनंतरची तिकिटं मजेत विकत होत्या. टाळेबंदी वाढली तेव्हा तीही विमानं रद्द झाली. शेवटी १९ एप्रिलला डीजीसीएनं सांगितलं, की सरकार कळवेपर्यंत आरक्षणच घेऊ नका.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'प्रवासी लीगल सेल विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल १ ऑक्टोबर २०२० ला लागला. न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या अध्यक्षतेखालचं तीन न्यायमूर्तींचं पीठ होतं. २५ मार्च ते २४ मे या काळात आरक्षण करून त्याच काळातला प्रवास असेल, तर पूर्ण पैसे ताबडतोब परत. आधी केलेल्या आरक्षणांचे पैसेही परत द्यायचेच, पण कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर तिला क्रेडिट शेल देता येईल, ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरण्याजोगं. ते दुसऱ्याच्या नावे करता येईल. आणि पडून राहिलेल्या पैशांवर वाढ मिळेल: ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का, त्यानंतर पाऊण टक्का. मुदतीत वापरलं नाही, तर रोख परत.

हिशेब मांडून पाहा. एप्रिलच्या सुरुवातीला रद्द झालेलं दहा हजारांचं तिकीट. एप्रिल ते जून तीन महिन्यांचे १५० रुपये, जुलै ते मार्च नऊ महिन्यांचे ६७५. वर्षाअखेर १०,८२५. माझ्या मते या निकालाचं मोल ८२५ रुपयांत नाही. पैसे तुमचे आहेत आणि कंपनीनं ते उसने वापरले आहेत, हे त्या पाऊण टक्क्यानं मान्य झालं, यात ते आहे.

एजंटमार्फत तिकीट काढणाऱ्यांची गाठ मात्र आणखी घट्ट होती. पैसे ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं परत येतात. प्रवाशाकडून एजंट, एजंटकडून कंपनी, आणि उलट. कंपनी म्हणे एजंटच्या खात्यात जमा केले, एजंट म्हणे अजून आले नाहीत, आणि छोट्या एजंटच्या बाबतीत ते पुष्कळदा खरंही होतं. न्यायालयानं एजंटांना पैसे लगेच पुढे द्यायला सांगितलं, पण एजंटमार्फत मिळालेलं क्रेडिट शेल त्याच एजंटकडून वापरायचं होतं. गल्लीतल्या ज्या दुकानाचं शटरच कायमचं खाली आलं, त्याचं काय? अशा वेळी क्रेडिट कार्डानं पैसे भरलेल्यांना एक वाट होती: सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे परत, मागायचा. पुष्कळांना ती माहीतच नव्हती.

बाहेरही हाच वाद होता. युरोपात २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. कंपनीनं विमान रद्द केलं तर सात दिवसांत पैसे, आणि व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही घेऊनच. तिथल्याही कंपन्यांनी २०२० मध्ये तो वाकवण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेच्या वाहतूक विभागानं एप्रिल २०२० मध्येच बजावलं, की महामारी असली तरी परतावा द्यावाच लागेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी सहा कंपन्यांवर कारवाई केली. त्यात एअर इंडिया होती: प्रवाशांना १२ कोटी १५ लाख डॉलर परत आणि १४ लाख डॉलरचा दंड. त्यांच्याकडे आलेल्या सुमारे १,९०० परतावा-तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक मार्गी लावायला शंभराहून जास्त दिवस लागले होते.

इकडे देशातली विमानं २५ मे २०२० ला पुन्हा उडाली, नेहमीच्या वेळापत्रकाच्या एक तृतीयांश. आदल्या दिवसापर्यंत महाराष्ट्र सरकारची तयारी नव्हती. शेवटी मुंबईला रोज २५ विमानं उडायला आणि २५ उतरायला परवानगी मिळाली. केंद्र परवानगी देतं आणि राज्य आपल्या अटी घालतं, हे प्रवाशांना त्या दिवशी विमानतळावर उभं राहून कळलं. रांगेत असतानाच कितीतरी विमानं रद्द झाल्याचे मेसेज आले. तरी त्या दिवशी देशभरात ५३२ विमानांतून ३९,२३१ माणसं उडाली. भाड्याला सरकारनं खालची आणि वरची मर्यादा घातली. मुंबई-दिल्लीसाठी साडेतीन हजार ते दहा हजार. ही मर्यादा तशी मध्ये बदलत बदलत ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत टिकली. मुंबईत उतरणाऱ्याच्या डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का, निवडणुकीच्या शाईसारखा न निघणारा, खाली तारीख. भाजी घ्यायला गेलं की लोक आधी हाताकडे पाहायचे.

आणि काका-काकू? त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या एप्रिलअखेर संपल्या. चार महिन्यांच्याच नेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरची फी, तिथली औषधं, संपलेला विमा. व्हिसावर राहायची सहा महिन्यांची मुदत जूनमध्ये संपत होती, ती वाढवायचा अर्ज मुलानं भरला. ७ मे पासून परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणण्याची 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली. पहिली विमानं अबू धाबी आणि दुबईहून केरळला आली, पहिल्या टप्प्यात १२ देशांतून ६४ विमानं. ही विमानं फुकट नव्हती. लंडन ते मुंबई पन्नास हजार, अमेरिकेतून सुमारे एक लाख, असे दर हवाई वाहतूक मंत्र्यांनीच सांगितले होते. आणि लाख रुपये मोजायची तयारी असली, तरी हवं तेव्हा तिकीट घेता येत नव्हतं. आधी दूतावासाकडे नाव नोंदवायचं. गरोदर बायका, म्हातारी माणसं, आजारी, व्हिसा संपलेले, नोकरी गेलेले अशा क्रमानं यादी लागायची. बोलावणं आलं की मगच पैसे भरायचे. दापोली-खेडकडची आखातात कामाला गेलेली पोरं आणि क्रूझ जहाजांवर अडकलेले गोव्याचे खलाशी अशाच याद्यांकडे डोळे लावून होते. मारेला डिस्कव्हरी या जहाजावरच्या भारतीय खलाशांना तर एप्रिलमध्ये मुंबईजवळ येऊनही उतरायला परवानगीची वाट पाहावी लागली होती. आपल्या बंदराचे दिवे दिसत असताना जहाजावरच थांबायचं म्हणजे काय, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

सुरुवातीला ओसीआय नियमानं आणखी एक कोंडी केली. आई-वडील भारतीय पासपोर्टचे, पण बाळ अमेरिकेत जन्मलेलं, म्हणून तिथलं नागरिक. आई-बापाला जागा, बाळाला मनाई. २२ मे रोजी अशा मुलांसाठी सवलत निघाली.

काकांना जूनमध्ये बोलावणं आलं. रात्री अडीच वाजता फोन. "मिळालं गं! पण चोवीस तासांत पैसे भरायचे म्हणतात." मुंबईत उतरल्यावर सात दिवस हॉटेलात स्वखर्चानं आणि पुढचे सात घरी. चौदाव्या दिवसानंतर काकूंनी दार उघडून आधी तुळशीला हात लावला. जुन्या तिकिटाच्या कापलेल्या पैशांसाठी आम्ही सात महिने पत्रं लिहिली. आमचा मुद्दा एकच होता, की त्या तारखेला विमान शेवटी गेलंच नाही. काही भाग परत आला, सगळा नाही.

पुढच्या वर्षी बंदी उलट दिशेनं आली. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि चार दिवसांच्या आत कॅनडा, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती यांनी भारतासाठी दारं लावली. ब्रिटननं आपल्याला लाल यादीत टाकलं. ज्यांना येण्याचा हक्क होता त्यांनाही दहा दिवस हॉटेलात, माणशी १,७५० पौंड. ४ मे पासून अमेरिकेनंही बहुतेक व्हिसाधारकांना थांबवलं. आई-वडिलांच्या अंत्यविधीला आलेली कितीतरी माणसं नोकरी-घर तिकडे आणि स्वतः इकडे अशी महिनोन्‌महिने अडकली. अमिरातीत परतायचं तर आधीचे चौदा दिवस भारतात असता कामा नये, म्हणून माणसं आर्मेनियाला किंवा मालदीवला जाऊन दोन आठवडे काढत होती. नेपाळची वाट मध्येच बंद झाली, मग मालदीवची. ज्यांनी कर्ज काढून हॉटेलचे पैसे भरले होते, त्यांचे ते पैसेही गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरात जे झालं ते पुण्याच्या माणसाला विशेष लागलं. ऑक्सफर्डची लस ब्रिटनमध्ये चालत होती. तीच लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोव्हिशील्ड नावानं तयार होत होती. तरी ४ ऑक्टोबरपासूनच्या ब्रिटिश नियमांत कोव्हिशील्डचे दोन डोस घेतलेला माणूस लस न घेतलेला धरला जाणार होता. ओरड झाल्यावर लशीचं नाव यादीत आलं, पण भारताचं प्रमाणपत्र आलं नाही. एक अडचण जन्मतारखेची होती. आपल्या कोविन या लसीकरण पोर्टलच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हती, ती त्यांना हवी होती. कोविननं परदेशी जाणाऱ्यांसाठी ती सोय केली. भारतानंही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना चाचण्या आणि दहा दिवसांचं विलगीकरण लावलं. ११ ऑक्टोबरला ब्रिटननं अट काढली, दोन दिवसांनी आपणही. त्या आठवड्यात ज्या विद्यार्थ्यांची विमानं होती, त्यांचे पालक मला फोन करून विचारत होते, तारीख पुढे ढकलू का? मी प्रत्येकाला आधी उलट विचारायचे, ढकलण्याचं शुल्क किती आणि तिकडच्या विलगीकरणाचा खर्च किती? दोन्ही आकडे कागदावर लिहा, मग ठरवा.

नियमित आंतरराष्ट्रीय विमानं भारतातून पुन्हा सुरू झाली २७ मार्च २०२२ ला, दोन वर्षं आणि पाच दिवसांनी. मे महिन्यात काका-काकू नातवाला भेटायला निघाले. या वेळी काकांनी तिकीट थेट कंपनीकडून घेतलं होतं, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते निळं फोल्डर घेऊन आले. भाड्याच्या अटींचं पान त्यांनी मोठ्या अक्षरात छापून घेतलं होतं, आणि परतीची तारीख बदलण्याच्या शुल्काखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली होती. गोळ्या आठ महिन्यांच्या घेतल्या होत्या.

"तुळशीला पाणी घाल," काकू किल्ली देत म्हणाल्या. "नोव्हेंबरात येतोच आम्ही."

काका त्या पानाकडे पाहत होते. "तारीख त्यांनी बदलली तर काही लागणार नाही ना गं?"

"त्यांनी बदलली तर नाही, काका."